वर्दी, बंब आणि पोटाचा घेर

(1982च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



सकाळी शाळेच्या फाटकातून आत आलो आणि पहिलंच वाक्य कानावर पडलं, "काय भो, फायर ब्रिगेडमधी होता म्हणे तू! मग हे पोट आलं कुठून?" विचारणारा आपलाच, शेवटच्या बाकावरचा. नुसतं विचारून थांबला नाही, बोटानं दाबूनही पाहिलं. त्याचं स्वतःचं पोट माझ्यापेक्षा वीतभर पुढे आहे. पण तो किराणा दुकान चालवतो, त्यामुळे त्याला कुणी विचारत नाही. बंबवाल्याला मात्र लोक विचारतात, आणि विचारायलाच पाहिजे.

संयोजकांनी मला सांगितलं होतं, "आगीचे थरारक अनुभव सांग, पोरांना आवडतात." एक अनुभव सांगणार आहे. पण आज मी खरं उत्तर देणार आहे ते या मित्राच्या प्रश्नाचं. मी निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. पस्तीस वर्षं राज्यातल्या एका महापालिकेच्या अग्निशमन दलात काढली. शहराचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण जे सांगायचंय ते एका शहराचं नाही.

सुरुवात मात्र आपल्या वरणगावचीच. आपल्यातल्या निम्म्यांचे वडील फॅक्टरीत होते. माझे नव्हते, आमची कोरडवाहू शेती. सातवीत असताना इस्टेटमधला एक मित्र मला अग्निशमन सप्ताहाचं प्रात्यक्षिक बघायला घेऊन गेला. एप्रिलचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे, जमिनीवर पाय ठेवता येत नाही. त्या उन्हात जाड कोट आणि बूट घातलेली माणसं शिडीवर सरसर चढत होती. एकानं दुसऱ्याला खांद्यावर टाकलं आणि धावत खाली आणलं. मी घरी येऊन आईला सांगितलं, मला हेच व्हायचंय. आई म्हणाली, "आधी गणितात पास हो."

तो सप्ताह 14 एप्रिललाच का सुरू होतो, हे मला नोकरीत गेल्यावर कळलं. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाही होता. कापूस आणि दारूगोळा, आपल्या गावाला दोन्ही ओळखीचे. दुपारी चार वाजून गेल्यावर जहाज उडालं आणि आग विझवायला गेलेले 66 अग्निशामक जवान गेले. दर वर्षी त्या दिवशी आम्ही मानवंदना देतो. आमच्या खात्यात धैर्याची वाण कधीच नव्हती. वाण आहे ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती पोटापासून सुरू होते.

1989 साली मी भरतीला उभा राहिलो. छाती 81 सेंटिमीटर, फुगवून 86. वजन कमीत कमी 50 किलो. माझं भरलं 54. उंची 168. आदल्या रात्री मी सहा केळी खाऊन वरून तांब्याभर पाणी प्यायलो होतो, वजन कमी पडेल या भीतीनं. आपल्या भागातल्या पोराला केळ्यांची काय कमी! गंमत लक्षात घ्या. अट होती ती कमीत कमी वजनाची. जास्तीत जास्त किती, ते कुणी विचारलंच नाही. आणि जी मोजणी झाली ती त्या एका दिवशी. त्यानंतर पस्तीस वर्षांत खात्यानं मला वजनकाट्यावर उभं केल्याचं आठवत नाही.

सहा महिन्यांचं प्रशिक्षण झालं. पहाटे धावणं, होज पाइप खांद्यावर घेऊन जिने चढणं, शिडीची कवायत, माणूस खांद्यावर टाकून पळणं. बाहेर पडलो तेव्हा मी वेताच्या छडीसारखा होतो. त्यानंतरच्या बावीस वर्षांत माझं वजन 54 चं 93 झालं. वर्षाला पावणेदोन किलोच्या आसपास. एखाद्या वर्षी कुणाच्या लक्षातही येत नाही. पट्ट्याला एक भोक पुढे सरकलं एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, आगीशी झुंजणारा माणूस जाड होतोच कसा? तिथेच लोकांची चूक होते. तुम्ही आम्हाला पाहता ते आगीच्या वेळी. आमचं काम मात्र बहुतेक वेळ वाट बघण्याचं असतं. आमच्याकडे बोलावणं येतं त्याला वर्दी म्हणतात. वर्दी म्हणजे गणवेश नाही बरं, वर्दी म्हणजे खबर. वर्दी आली की घंटा, घंटा झाली की एका मिनिटाच्या आत बंब बाहेर. एकदा मी एका महिन्याचा हिशेब वहीत लिहिला. चोवीस तासांची ड्यूटी, महिन्यात दहा. एकूण 240 तास. त्यातलं प्रत्यक्ष आगीवरचं, शरीराला घाम फोडणारं काम भरलं नऊ तास. बाकी वेळ गाडी धुणं, साहित्य तपासणं, रजिस्टर भरणं, झाडावर अडकलेला पतंगाच्या मांज्यातला कावळा सोडवणं, आणि बसणं. बसणं हा आमच्या नोकरीचा सर्वांत मोठा भाग.

पण ते बसणं म्हणजे आराम नव्हे. कान घंटेकडे असतात. झोप लागते ती अर्धी. रात्री दोनला घंटा होते, झोपेतून उठल्या उठल्या छाती धडधडायला लागते, पायात बूट जाईपर्यंत ती शंभरच्या पुढे जाते. पोहोचावं तर कचराकुंडी पेटलेली. परत यावं, चहा प्यावा, आडवं व्हावं, की पुन्हा घंटा. शरीराला ना धड काम, ना धड विश्रांती.

शिकागो विद्यापीठात 2004 साली एक प्रयोग झाला होता. धडधाकट तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. पोट भरल्याची खबर देणारं संप्रेरक 18 टक्क्यांनी घटलं, भूक लावणारं 28 टक्क्यांनी वाढलं, आणि त्यांना गोड, खारट, पिठूळ पदार्थच खावेसे वाटू लागले. मी हे वाचलं तेव्हा मला आमचं स्टेशन डोळ्यांसमोर दिसलं. पहाटे चारला आगीवरून परतल्यावर कुणालाही काकडी खावीशी वाटत नाही, भावांनो. कोपऱ्यावरच्या गाडीवरचा वडापाव लागतो, नाहीतर शेव घातलेली मिसळ.

आणि चहा. माणूस वाट बघतो तेव्हा चहा पितो. आमच्याकडे दिवसाला आठ कप सहज व्हायचे. कपात दोन चमचे साखर, म्हणजे दहा ग्रॅम. आठ कपांची 80 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. आम्ही दुपारच्या जेवणाआधीच तो आकडा ओलांडायचो. शिवाय आगीच्या ठिकाणी लोक प्रेमानं देतात ते वेगळं. ज्याचं दुकान वाचवलं तो पेढे घेऊन येतोच. त्याला नाही म्हणता येत नाही, आणि म्हणूही नये.

वय वाढलं की बढती मिळते. फायरमनचा लीडिंग फायरमन होतो, पुढे सब-ऑफिसर. काहीजण पंपावर जातात, काही नियंत्रण कक्षात फोनवर. बढती म्हणजे हालचाल कमी. गुडघा दुखावलेल्याला, पाठ धरलेल्याला बसून करायचं काम देतात, ते बरोबरच आहे. पण बसलेला पुन्हा उठेल कसा, हे कुणी बघत नाही. एक जागा रिकामी असली की उरलेल्यांना डबल ड्यूटी. घरी गेलेला माणूस मग व्यायामाला जात नाही, तो झोपतो.

आता तो अनुभव. 2011 सालची गोष्ट. एका चार मजली जुन्या इमारतीत रात्री आग लागली. तिसऱ्या मजल्यावर शॉर्ट सर्किट, धूर वरच्या मजल्यावर कोंडलेला. चौथ्या मजल्यावर एक म्हाताऱ्या बाई आहेत, एवढंच खालून लोक ओरडून सांगत होते. मी तेव्हा सब-ऑफिसर होतो. माझ्याबरोबर एक चोवीस वर्षांचा पोरगा. दोघांनी बीए सेट चढवले. पाठीवर हवेची टाकी, तोंडाला मुखवटा. धुरात याशिवाय जाता येत नाही.

त्या टाकीचं गणित सोपं आहे, सरांनी मला शिकवलेल्या गणितातलंच. सहा लिटरची टाकी, 300 बार दाबानं भरलेली, म्हणजे 1800 लिटर हवा. काम करणारा माणूस मिनिटाला साधारण 40 लिटर वापरतो असं धरतात. म्हणजे 45 मिनिटं. टाकी संपत आली की शिट्टी वाजायला लागते. शिट्टी वाजली की बाहेर, त्यात तडजोड नाही. आणि दुसरा नियम, आत जोडीनं जायचं आणि जोडीनंच बाहेर यायचं. एकाची शिट्टी वाजली की दोघंही परत.

अंगावर कोट, हेल्मेट, टाकी, हातात होज. मिळून पंचवीसेक किलो. त्याच्या आत माझे स्वतःचे 93. तिसऱ्या मजल्यापर्यंतच माझ्या मुखवट्यात श्वासाचा घरघराट सुरू झाला. चौथ्या मजल्यावर पोहोचलो, दार फोडलं, पहिली खोली हातानं चाचपून झाली. आणि माझी शिट्टी वाजली. आत शिरून सतरा मिनिटं झाली होती. पंचेचाळीस सोडा, वीससुद्धा नाहीत.

त्या पोराच्या टाकीत अर्ध्याहून जास्त हवा होती. तो माझ्याकडे बघत होता. मुखवट्यातून डोळे दिसतात फक्त. मी त्याला पाठीवर थाप मारून परत फिरण्याची खूण केली. नियमच तसा आहे, आणि तो योग्य आहे. आम्ही दोघं खाली आलो. दुसरी जोडी वर गेली. पुढच्या खोलीत, पलंग आणि भिंतीच्या मधे, त्यांना आजी सापडल्या. मधे सहा मिनिटं गेली होती.

आजी वाचल्या. आठ दिवस दवाखान्यात होत्या, मग घरी गेल्या. पेपरात आमच्या दलाचं कौतुक आलं, त्यात माझंही नाव होतं. घरी ते कात्रण बायकोनं जपून ठेवलंय. मी ते कधी उघडत नाही. ती सहा मिनिटं मला माहीत आहेत. त्या पोरालाही माहीत आहेत. त्यानं आजवर कुणाला सांगितलं नाही, म्हणून आज मीच सांगतो. त्या रात्री आगीनं मला परत पाठवलं नाही. माझ्या पोटानं पाठवलं.

नंतर तपासणी करून घेतली. रक्तदाब वाढलेला, साखर काठावर. डॉक्टरांनी उंची-वजनाचं गणित मांडलं. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. माझा आकडा आला 33. आपल्या भारतीयांसाठी डॉक्टर 23च्या पुढे वजन जास्त आणि 25च्या पुढे लठ्ठपणा धरतात. परदेशात हा आकडा 30 आहे, मग आपल्याला कमी का? त्याचं उत्तर डॉक्टरांनी पुण्यातलंच दिलं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो छापले. दोघांचाही उंची-वजनाचा आकडा अगदी सारखा, 22.3. दोघेही दिसायला सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर लंडनवाल्यांची 9.1 टक्के आणि आपल्या पुणेकरांची 21.2 टक्के. म्हणजे वजनकाटा आपल्याबाबतीत पूर्ण खरं बोलत नाही. आपली चरबी पोटात, आतड्यांभोवती साठते. म्हणून डॉक्टर म्हणाले, काट्याआधी शिंप्याची टेप आणा. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत, बाईची 80च्या आत. माझी भरली 108.

हे फक्त माझं नाही. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. त्यात शंभरातल्या जवळजवळ चाळीस प्रौढांचं पोट सुटलेलं निघालं. म्हणजे या मंडपात बघा, मी एकटा नाही! पण दुकानदाराचं पोट सुटलं तर त्रास त्याला आणि घरच्यांना. बंबवाल्याचं सुटलं तर चौथ्या मजल्यावरच्या आजीलाही.

आणि बंबवाल्याला स्वतःलाही. अमेरिकेत हार्वर्डच्या संशोधकांनी 2007 साली कामावर मरण पावलेल्या अग्निशामकांचा दहा वर्षांचा हिशेब तपासला. 39 टक्के मृत्यू हृदयविकारानं झालेले होते. त्याहून महत्त्वाचं पुढे आहे. प्रत्यक्ष आग विझवण्यात त्यांचा जेमतेम एक ते पाच टक्के वेळ जातो, पण हृदयविकारानं गेलेल्यांपैकी 32 टक्के लोक त्याच वेळेत गेले. म्हणजे बसून बसून जडावलेलं शरीर, अर्धवट झोप, आणि एकदम जिवाच्या आकांतानं काम. गंजलेल्या पंपाला एकदम पूर्ण दाब दिल्यावर जे होतं, तेच.

आमच्या स्टेशनवर हे मी डोळ्यांनी पाहिलं. माझा एक जोडीदार, एकावन्न वर्षांचा. गोदामाच्या आगीवर रात्रभर होता. सकाळी परत आला, पायरीवर बसून बूट काढू लागला. एक बूट काढला. दुसरा आम्ही काढला. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. कुणी म्हणालं, तब्येतीकडे लक्ष द्यायला हवं होतं. हो, द्यायला हवं होतं. पण त्याच्या तब्येतीकडे वीस वर्षांत दुसऱ्या कुणीच बघितलं नव्हतं, त्याचं काय?

इथे आपल्यातले रेल्वेवाले बसले आहेत, भुसावळचे. लोको पायलट मित्राला विचारा. त्याचे डोळे, त्याचा रक्तदाब रेल्वे ठरावीक वर्षांनी पुन्हा पुन्हा तपासते. पास झाला तरच इंजिनावर. का? कारण मागे हजार माणसं बसलेली असतात. मग आमच्या मागेही माणसंच असतात ना? मला वाटतं, ज्याच्या नोकरीत दुसऱ्याचा जीव अडकलाय त्याची तपासणी वर्षाला झालीच पाहिजे, आणि नापास झाला तर शिक्षा म्हणून नव्हे, उपचार म्हणून. नोकरी जाण्याची भीती घातली की माणूस आजार लपवतो. मीही छातीत दुखलेलं दोन वर्षं लपवलं होतं.

तर मग आम्ही काय केलं ते सांगतो. मोठं काही नाही.

पहिल्यांदा सगळं चुकलं. मी उत्साहात हुकूम काढला, सकाळी सहाला सगळ्यांनी मैदानावर. रात्रभर वर्दीवर असलेल्या माणसांना सहाला पळवणं हा मूर्खपणा होता. दोघांना चक्कर आली. दुसरी चूक त्याहून वाईट. मी सगळ्यांची वजनं फळ्यावर लिहिली. वाटलं, लाजेनं कमी करतील. आमच्यातला सर्वांत जाड गडी दुसऱ्या दिवसापासून डबा घेऊन एकटा मागच्या खोलीत जेवायला लागला. मी फळा पुसला आणि त्याची माफी मागितली. लाजवून कुणाचं पोट आत जात नाही, फक्त माणूस आत जातो.

मग स्वयंपाकघरापासून सुरुवात केली. स्टेशनवर बारा जणांचा एकत्र स्वयंपाक व्हायचा. मी पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यावर तारीख टाकली. डबा चौदा दिवसांत संपला. भागाकार करा. माणशी रोज 89 ग्रॅम तेल, म्हणजे आठशे कॅलरी नुसत्या तेलाच्या. चार-पाच भाकरींइतक्या. कुणाला ताटात तेल दिसत नव्हतं, पण डबा खोटं बोलत नाही. आम्ही ओतायचं बंद केलं, पळीनं मोजून घालायला लागलो. पुढचा डबा सव्वीस दिवस गेला. भाजीला चव कमी झाली नाही, वर आलेला तवंग तेवढा कमी झाला.

चहा अर्धा कप, साखर एक चमचा. रात्रीचं मुख्य जेवण आठच्या आत. पहाटेसाठी भाजलेले चणे-दाणे आणि उकडलेली अंडी डब्यात तयार. भूक लागणारच, मग हाताशी काय आहे एवढंच आपल्या हातात असतं. संध्याकाळी पाचला व्हॉलीबॉल, कारण त्या वेळी सगळे जागे असतात आणि खेळाला हुकूम लागत नाही.

आणि महिन्यातून एकदा जिना. पूर्ण पोशाख, बीए सेट, चार मजले वर आणि खाली. खाली आल्यावर टाकीत किती दाब उरला तो आकडा ज्यानं त्यानं आपल्या वहीत लिहायचा. दुसऱ्याला दाखवायचा नाही. वजनाच्या आकड्यानं माणूस चिडतो. हवेच्या आकड्यानं विचारात पडतो. कारण ती हवा कुणासाठी वाचवायची, हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

दोन वर्षांत माझं वजन 93 वरून 76 वर आलं. बारा जणांपैकी सात जणांचे पट्टे आत सरकले, तिघं होते तिथेच राहिले, दोघांची पोटं आणखी वाढली. त्या दोघांना मी दोष देत नाही. एकाच्या घरी आजारपण होतं, दुसरा डबल ड्यूटी करत होता. स्वयंपाकघर आम्ही बदललं, पण रिकाम्या जागा भरणं आमच्या हातात नव्हतं. सवय माणसानं बदलायची, पण सवय बदलायला लागणारी झोप आणि वेळ व्यवस्थेनं द्यायचा असतो. दोन्ही हात लागले तरच टाळी वाजते.

मित्रांनो, मी बंबाचं सांगितलं, पण हे तुमच्याही घरचं आहे. कुणाचा मुलगा फॅक्टरीत तिसऱ्या पाळीला जातो, कुणाचा दीपनगरच्या वीजकेंद्रात, कुणाचा रेल्वेत, कुणाची सून नर्स आहे, कुणाचा जावई पोलिसात. रात्री जागणारी माणसं आपल्या घराघरांत आहेत. त्यांना "दिवसभर झोपतोस काय" म्हणू नका. खिडकीला जाड पडदा लावा, दुपारी त्यांचा फोन बंद ठेवा. रात्रपाळीच्या डब्यात पुरी नको, भाकरी द्या.

खाण्याचं म्हणाल तर मी आपलं भरीत सोडलेलं नाही, आणि सोडणारही नाही. हिवाळ्यात वरणगावला येऊन काट्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत खाल्लं नाही तर आलो कशाला? कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, हे आपल्या आजोबांनीही खाल्लं. पण ते खाऊन आजोबा नांगर धरत होते. आपण तेच खातो, वर शेवभाजीचा तर्रीदार रस्सा ओरपतो आणि खुर्चीत बसतो. जेवण तेच राहिलं, खालचं काम गेलं. भरतात तेल पळीनं घाला आणि जेवल्यावर शाळेच्या मैदानाला दोन चकरा मारा, एवढंच माझं म्हणणं.

पुढच्या रांगेत आपले पी.टी.चे सर बसले आहेत. वय 84, पाठ अजून सरळ. सर, तुम्ही 15 ऑगस्टच्या संचलनाच्या तालमीला रांगेतून फिरायचात आणि छडीनं हलकेच टोचून म्हणायचात, "पोट आत!" तेव्हा आत घ्यायला आमच्याकडे पोटच नव्हतं. आम्ही मागे उभे राहून हसायचो. आता तुम्ही समोर बसलात आणि मला चाळीस वर्षं उशिरा तो हुकूम कळलाय.

जाता जाता एक काम करणार आहे. बाहेर नावनोंदणीच्या टेबलावर मी शिंप्याची टेप ठेवली आहे. आकडा कुणी फळ्यावर लिहिणार नाही, मी ती चूक एकदा केली आहे. ज्यानं त्यानं मोजायचा, ज्यानं त्यानं लक्षात ठेवायचा. मी सकाळी मोजला. 94 आला. चार सेंटिमीटर बाकी आहेत, सर. आणि शेवटच्या बाकावरच्या माझ्या मित्रा, तू बोटानं दाबून पाहिलंस, आता टेपनं मोजून दाखव. आपण दोघं मिळून रोज फोनवर विचारू, "काय भो, चाललास का आज?"

दुसऱ्याच्या घराची आग विझवायला मी पस्तीस वर्षं गेलो. आता आपापल्या घरी लक्ष देऊ या.

जय हिंद, जय महाराष्ट्र!